वजीर राहू दे, दादा

प्रिय दादा,

तुझी ती लीला मला आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. रात्री अकराला त्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राची लिंक पाठवलीस आणि खाली एवढंच लिहिलंस, "वजीर काढून खेळते. बघ जमते का." सहा शब्दांत माणसाला डिवचायचं तुझं कसब साठी उलटली तरी गेलं नाही. बघ जमते का! बघितलं. नाही जमलं. पुन्हा बघितलं, पुन्हा नाही जमलं. माझा वजीर पटावर आहे, तिचा नाही. डाव सुरू व्हायच्या आधीच नऊ प्याद्यांचा ऐवज तिनं बाजूला काढून ठेवलाय. तरी विसाव्या-पंचविसाव्या चालीला माझा राजा स्वतःच्याच हत्तीच्या आडोशाला दाटीत सापडतो. हे चित्र तुझ्या ओळखीचं आहे ना?

आठवतं ना, आलापल्लीला वन विभागाच्या क्वार्टरच्या पडवीत तू असाच खेळायचास. सॉ मिलमधल्या कुणाकडून तरी बाबांनी सागाच्या तुकड्यांच्या सोंगट्या करून घेतल्या होत्या. त्यातला पांढऱ्याचा एक घोडा मागच्या नालीत वाहून गेला, त्याच्या जागी आईनं हिरडा ठेवला, आणि तो हिरडा कायम माझ्याच वाट्याला. बाबा देशी नियमांनी खेळायचे. प्यादं एकच घर चालणार, राजा एकदाच घोड्यासारखी उडी घेणार. तू चंद्रपूरहून नवे नियम शिकून आलास आणि बाबांचा पट एका सुट्टीत जुना करून टाकलास. बाबा काही बोलले नाहीत, फक्त तुझ्याशी खेळायचे थांबले. मग उरले मी. आठ वर्षांनी धाकटी, दोन वेण्यांची. तू तुझा वजीर उचलून खाटेच्या पायाशी ठेवायचास, जणू चप्पल काढून ठेवतोयस, आणि उभ्यानंच खेळायचास. एक हात सायकलच्या हँडलवर. "खेल ना लवकर, छबू, मले अहेरीले जायचं हाय."

वजीर दिलास, मान्य. पण खाली बसलास का कधी?

आज हे विचारतेय त्याला कारण तुझी लीलाच आहे. तिच्याशी खेळता खेळता मला तुझी युक्ती कळली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी समजत होते की वजिराशिवाय मला हरवणारा माझा भाऊ फार मोठा खेळाडू आहे. तू चांगला खेळायचास, त्याबद्दल वाद नाही. पण जिंकायचास ते बव्हंशी सायकलच्या जोरावर.

हे मोहरं काढून खेळणं काही आपल्या पडवीतलं खूळ नव्हे, हे मला अलीकडेच कळलं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतला पॉल मॉर्फी समोरच्याला घोडा, कधी हत्तीसुद्धा देऊन खेळायचा. बरोबरीचं कुणी मिळालंच नाही तर करणार काय? पॅरिस-लंडनच्या कॅफेंमध्ये पैसे लावून डाव व्हायचे, तिथं मोहरं दिल्याशिवाय तगडा गडी आणि हौशी गडी एका पटावर बसूच शकत नव्हते. पुढे यात थोडी मस्तीही शिरली. १९६२ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत बॉबी फिशर म्हणाला की जगातल्या कुठल्याही बाईला मी घोडा देईन आणि तरी जिंकेन. त्यावर मिखाईल ताल म्हणाला म्हणे, फिशर फिशर असेल, पण घोडा तो घोडाच. ताल मला तेव्हापासून जवळचा वाटतो. फिशरला आमच्या रोहिणी खाडिलकरसमोर बसवायला हवं होतं.

बघ, इथं तुझे उपकार मानायला हवेत. १९८१ मध्ये रोहिणी खाडिलकर आशियाई विजेती झाली, तेव्हा पेपरातलं कात्रण तूच आणून दिलं होतंस. मुंबईच्या तिघी बहिणी, वासंती, जयश्री, रोहिणी, आणि तिघीही राष्ट्रीय विजेत्या. तू ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंस आणि म्हणालास, "ही मुलगी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली. तू काऊन घाबरतेस?" आलापल्लीत त्या काळी मुलीला असं कोण म्हणत होतं? मी ते विसरलेले नाही. पण तेच म्हणून झाल्यावर तू वजीर काढून खाटेच्या पायाशी ठेवलास, तेही विसरलेले नाही.

असो. लीलेकडे येते.

तू म्हणतोस, यंत्रानं माणसाला हरवलं त्याला जमाना झाला. १९९७ मध्ये डीप ब्लूनं कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं, त्यानंतर बरोबरीच्या डावात मजा उरली नाही, म्हणून यंत्रानं काहीतरी सोडून खेळायचं. बरोबर. जानेवारी २०१६ मध्ये हिकारू नाकामुरा कोमोडो नावाच्या इंजिनाशी चार डाव खेळला. कोमोडोनं कधी प्यादं सोडलं, एका डावात तर नाकामुराला आधीच चार चाली करू दिल्या. तीन डाव बरोबरीत, शेवटचा कोमोडोनं जिंकला. मग २०२० मध्ये डेव्हिड स्मेर्डन हा ऑस्ट्रेलियाचा ग्रँडमास्टर. त्याच्याशी खेळताना कोमोडोनं आख्खा घोडा काढून ठेवला, आणि स्मेर्डननं सामना ५-१ असा मारला. म्हणजे तालचंच खरं ठरलं. पण हे डाव तीन-तीन मिनिटांचे नव्हते, दादा. दोघांनाही विचार करायला वेळ होता. आता तीच घोड्याची सूट देऊन तुझी लीला झटपट डावांत ग्रँडमास्टरांना लोळवते. मधल्या काळात यंत्र सुधारलं, हे आहेच. पण पटाशेजारचं घड्याळही बदललं, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मी आमच्या शाळेतल्या संगणकवाल्या सरांकडून समजून घेतलं ही लीला म्हणजे काय प्रकरण आहे ते. नाव ऐकून मला वाटलं शेजारच्या गल्लीतली कुणी असेल. २०१७ च्या डिसेंबरात गुगलच्या डीपमाइंडवाल्यांनी अल्फाझिरो जगाला दाखवला. माणसांचे डाव न पाहता, फक्त नियम घेऊन, स्वतःशीच खेळून शिकलेला. तो त्यांनी कुणाला वापरायला दिला नाही. मग २०१८ मध्ये जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या घरचे संगणक जोडून तशीच एक घडवली. ती लीला. ही गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. आपल्याकडे मोहफुलं वेचायला सगळं गाव पहाटे निघतं, तसं झालं ते. आणि तू ज्यावर खेळतोस ते लिचेससुद्धा फुकट, जाहिरातीशिवाय, देणग्यांवर चालणारं. एवढं चांगलं सगळं जमून आलं आणि त्यातून निघाली ही कजाग बाई!

कजाग का म्हणते ऐक. साध्या इंजिनाला वजीर काढून बसवलं, तर ते बिचारं रडत खेळतं. समोरचा प्रत्येक चाल अचूकच करणार हे ते धरून चालतं, त्यामुळे पहिल्या चालीलाच त्याच्या लेखी डाव गेलेला असतो. मग ही चाल काय, ती काय, सगळ्यांचा शेवट एकच. पण वजीर सोडणाऱ्या लीलेची असल्या अर्ध्या फौजेच्या डावांसाठी खास तयारी करून घेतली आहे. तिला आधीच सांगून ठेवलंय की समोर माणूस बसलाय, तुझ्यापेक्षा कितीतरी कच्चा आहे, तो घसरणार. म्हणून ती मारामारी टाळते. मोहऱ्याला मोहरं द्यायला तयार होत नाही, कारण पट मोकळा झाला की माझा वजीर एकटाच राज्य करील. ती सगळं गुंत्यात ठेवते, प्यादी अडकवून ठेवते, आणि प्रत्येक चालीला मला एक नवा प्रश्न घालते. त्या प्रश्नाला उत्तर असतं. चांगलं, सोपं उत्तर असतं. ते मला साडेचार सेकंदांत सापडणार नाही, एवढाच तिचा भरवसा.

साडेचार सेकंद कुठून आले? तीन मिनिटांत चाळीस चाली, भागाकार कर. एक मिनिटाचा डाव लावलास तर चालीला दीड सेकंद. दीड सेकंदात वजीर काय उपयोगाचा? तो पटावर आहे हे दिसेपर्यंत शह बसलेला असतो. मला तरी वाटतं की लोक सुटीचा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडतात. घोडा म्हणजे तीन प्यादी, हत्ती म्हणजे पाच, वजीर नऊ, हा तक्ता सावकाश खेळणाऱ्यांनी केलेला आहे. घाईत त्या आकड्यांना अर्थ नाही. वजीर द्यायचा आणि वेळ काढून घ्यायचा, ही मला देणगी वाटत नाही.

मी लीलेशी लांबलचक डाव लावला. पाऊस होता, पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडलेला, शाळेत चारच पोरं. नेटवर्क मात्र त्या दिवशी कसं कोण जाणे टिकलं. मी एकच धोरण ठेवलं, दिसेल तिथं मारामारी. उंटाला उंट, घोड्याला घोडा, ती नाही म्हणाली तरी मागे लागून. दोन्हीकडची फौज कमी होत गेली तशी माझ्या वजिराची किंमत वाढत गेली, आणि शेवटी तिच्याकडे हत्ती आणि चार प्यादी उरली तेव्हा मी चहा ठेवला. जिंकले. तुला कळवलं नाही. तू विचारलंही नाहीस. तू तेव्हा पुण्यात बसून एक-एक मिनिटाचे डाव हरत असशील.

तेच मला कळत नाही. निवृत्त झालास. मुलं मार्गाला लागली. कॅन्टीन नाही, मीटिंग नाही, अहेरीला जायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याकडे वेळच वेळ आहे, आणि तू रात्री दीड वाजेपर्यंत मिनिटाच्या डावांत त्या यंत्रासमोर बसतोस. वहिनी सांगतात मला. अजून कुठली सायकल धरून उभा आहेस रे?

आणि आता मला तो पोस्टकार्डांचा डाव काढायचाच आहे. तू टाळशील हे माहीत असूनही.

तू नागपूरला इंजिनीअरिंगला गेलास त्या वर्षी दिवाळीला आपण ठरवलं, पत्रानं खेळायचं. "पत्रानंही वजीर काढूनच खेळतो," तू म्हणालास. पंधरा पैशांचं कार्ड, वर "चि. छबूस आशीर्वाद", खाली एक चाल, मधे कधी मेसच्या जेवणाबद्दल एखादं वाक्य. कार्ड नागपूरहून आलापल्लीला पोचायला चार-पाच दिवस, पावसाळ्यात देवाची मर्जी. मी पट कोठीवर मांडून ठेवला होता. आई त्याच्या भोवतीनं झाडायची. मी शाळेतून आले की आधी पटापाशी. एका चालीला आठवडा! तुला कल्पना नाही मी त्या आठवड्यात काय काय पाहत होते. तू कुठून येशील, मी काय केलं की तू चिडशील, हिरड्याचा घोडा कुठं बसवला की तुझा उंट आंधळा होईल. बाबा येता-जाता थांबायचे, बघायचे, बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "तो हत्ती मारू नको, त्याला राहू दे अडकून." देशी नियमांचा माणूस, पण बरोबर बोलला.

डाव पोळ्यापर्यंत चालला. पोळ्याच्या आधी तुझे दोन्ही हत्ती गेले होते आणि माझं प्यादं वजीर व्हायला दोन घरं उरली होती. मी चाल पाठवली. तुझं कार्ड आलं नाही. आधी परीक्षा म्हणालास. मग प्रोजेक्ट. मग नोकरी लागली, पुणे, लग्न. "हरलो" एवढं लिहायला पंधरा पैसे लागत होते, दादा.

मी ती स्थिती वहीत उतरवून ठेवली होती. यंदा उन्हाळ्यात ती फोनवरच्या इंजिनात घातली, बघावं तरी. ते म्हणालं, पांढरा जिंकतोय, प्रचंड फरकानं. मग मी पहिल्या चालीची स्थिती घातली, तुझा वजीर नाही आणि बाकी सगळं जागेवर. तिथंही तेच म्हणालं, पांढरा जिंकतोय, प्रचंड फरकानं. म्हणजे दहा महिने मी जे केलं त्याचा त्याच्या लेखी हिशेबच नाही! इंजिनाच्या मते मी जिंकूनच खेळायला बसले होते. वजीर काढून खेळलेल्या डावाची हीच अडचण. जिंकलो तर देणाऱ्याची मेहेरबानी, हरलो तर आपली लायकी. त्या पडवीत मी कितीदा हरले आणि एकदाही तक्रार करता आली नाही, कारण वजीर दिलेला होता ना!

आमच्या शाळेत मी पोरांशी वजीर काढून खेळते. तुझ्याकडूनच शिकलेलं. वेळ मात्र देते, वाटेल तेवढा. पाचवीतला एक माडिया पोरगा आहे, भामरागडकडचा, वसतिगृहात राहतो. मराठी मोजकी बोलतो. मागच्या महिन्यात मी वजीर उचलायला हात घातला तर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "बाई, राहू द्या. हारतो मी." हरला. चांगलाच हरला. उठताना तोंडभर हसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याच्या वयाला मला हे सुचलं नव्हतं. कपाटाच्या दाराला रोहिणी चिकटवलेली असूनही नाही.

आता हेही खरं की मी घाईच्या विरोधात नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा कोनेरू हम्पीशी सावकाश खेळलेले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले होते. निकाल लागला तो जलद डावात, तोही दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी लावला. एकोणीस वर्षांची पोरगी, त्या विजयानं ग्रँडमास्टरसुद्धा झाली. आम्ही स्टाफरूममध्ये फोनवर बघत होतो आणि शेवटाला सगळ्यांचे चहा गार. पण तिथं दोघींचं घड्याळ सारखं होतं आणि दोघींचे वजीर जागेवर होते. कुणी कुणाला घोडा देत नव्हतं. अंतिम फेरीत समोरासमोर दोन भारतीय बायका. फिशरनं पाहायला हवं होतं.

बाकी इकडचं. सागवान अजून उभा आहे. वनवैभवाच्या जंगलात मागे पोरांची सहल नेली होती. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये आपल्या जंगलातलं लाकूड बल्लारपूरहून गेलं, त्याचा इथं लोकांना अभिमान आहे. आणि लाकूड ओढणारे हत्ती? पातानीलचे तर २०२२ मध्ये ट्रकात चढवून जामनगरला नेले. कमलापूरचे तेवढे लोकांनी हट्ट धरला म्हणून राहिले. त्या दिवशी तुझा फोन आला होता आणि तू म्हणालास, "म्हणजे आलापल्लीनं हत्ती काढून खेळायला सुरुवात केली." मी हसले होते. नंतर रात्री राग आला. तू लांब राहून चांगले विनोद करतोस.

रागावून लिहितेय असं समजू नकोस. तुझ्यामुळेच मला हा खेळ आला. आई गेल्यावरच्या त्या महिन्यात झोप लागायची नाही, तेव्हा मी वहीतले जुने डाव लावत बसायचे, आणि त्यातले निम्मे तुझ्याबरोबरचे होते. लीलेची लिंक तू का पाठवलीस तेही मला कळतं. तुला बोलायचं असतं आणि बोलता येत नाही, मग तू पट पुढे करतोस. बाबांचाच मुलगा आहेस. पण यंत्र पुढे करू नकोस. तिला वजीर सोडताना काही वाटत नाही. तुला वाटायचं, निदान सुरुवातीला तरी. मी तुझा चेहरा बघायचे.

तर दिवाळीला ये. दरवर्षी म्हणतोस, या वर्षी ये. पट तोच आहे, बाबांचा. वजीर जागेवर राहतील, दोन्हीकडचे. दोघांना पाऊण-पाऊण तास, आणि तू खुर्चीत बसायचं, दोन्ही हात पटाजवळ. मी हरले तर हरले. कदाचित हरेनच, तू रात्री-रात्री सराव करतोयस. पण तो पोळ्याचा डाव आधी संपवायचा. चाल तुझी आहे. वही मी काढून ठेवली आहे. नाहीतर सरळ एक कार्ड टाक, पोस्टात अजून मिळतात.

येताना दोन बटणांचं घड्याळ आण, शाळेलाही लागेल, पैसे देईन. वहिनींना नमस्कार. आष्टीच्या पुढे खनिजाच्या ट्रकांची रांग असते, तेव्हा रात्रीची गाडी करू नकोस. सकाळी निघ. जेवायला उशीर झाला तरी चालेल, मी थांबते.

तुझी,
छबू